गाडीचे पुढे आलेले दात

खोली दाखवायच्या आधी त्यांनी माझे दात पाहिले.

लंडनच्या पिनर भागातल्या त्या घराच्या दारात मी दोन बॅगा घेऊन उभी. समोर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ, अंगात कोपरावर विरलेलं कार्डिगन आणि कपाळावर पट्ट्यानं बांधलेला दिवा. मी म्हटलं, "नमस्कार, खोलीसाठी फोन केला होता." ते म्हणाले, "आ कर." आता पुण्यात वाढलेली, सत्तावीस वर्षांची, बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी मुलगी, परक्याच्या दारात कुणी आ कर म्हटलं म्हणून आ करते का? मी केला. त्या आवाजात जरबच तशी होती. त्यांनी दिवा लावला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि आत वळून ओरडले, "अगं, चहा टाक. मुलगी रात्री ब्रश करते."

झाला इंटरव्ह्यू. मी ऑफिसचं पत्र पुढे केलं तर म्हणाले, "ठेव तो कागद. कागद खोटं बोलतात. हिरड्या कधी खोटं बोलत नाहीत."

त्या घरात मी सव्वादोन वर्षं राहिले. आता बर्मिंगहॅमला असते, स्वतःचा फ्लॅट आहे, आणि अजूनही कुणी नवीन माणूस भेटला की माझी नजर आधी त्याच्या तोंडाकडे जाते. ही त्यांची कृपा.

सगळे त्यांना डॉक्टर म्हणायचे. मी तोंडावर काका म्हणायचे, मागे डॉक्टरच. नागपूरला दातांचं कॉलेज, मग तीन वर्षं अमेरिकेत शिक्षण, मग उरलेली सगळी हयात हॅरोच्या आसपासच्या लोकांच्या तोंडात. रिटायर झाल्यावर पंचाईत अशी झाली, की हात शिवशिवतायत आणि समोर तोंडच नाही. मग जे दिसेल ते तोंड. फ्रिजचं दार नीट लागेना, तर "बाइट चुकलाय" म्हणून दोन दिवस फ्रिजसमोर मांडी घालून बसले. दारावरच्या पत्रपेटीची झडप कुरकुरायला लागली तर तिला लवंगेचं तेल लावलं. लवंगेचं! पुढचे आठ दिवस आमच्या पत्रांना मसालेभाताचा वास येत होता. टीव्हीवर बातम्या लागल्या की वाचणारी बाई काय सांगतेय इकडे यांचं काडीचं लक्ष नसायचं. "खालच्या ओळीत गर्दी झालीये," एवढं म्हणायचे आणि चॅनल बदलायचे. जगात काय चाललंय ते मला काकूंना विचारायला लागायचं.

काकू म्हणजे त्यांच्या बायको. काकूंचे दात पुढे होते. हे आत्ताच स्पष्ट सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावर झालं. वरचे चार दात, चांगले पांढरेशुभ्र, पण ओठांना न जुमानणारे. डेंटिस्टची बायको आणि दात असे, म्हणून इथल्या मराठी मंडळातल्या बायका दबक्या आवाजात काय काय बोलायच्या. मी पहिल्या आठवड्यात ते सगळं ऐकलं आणि दुसऱ्या आठवड्यात विसरले, कारण काकूंच्या हातची गोळ्यांची आमटी खाल्ल्यावर माणसाला दुसऱ्याचे दात दिसत नाहीत.

गॅरेजमध्ये डॉक्टरांनी क्लिनिकमधली जुनी खुर्ची आणून ठेवली होती. तीच ती, मागे कलणारी, वर दिवा असलेली. पाहुणा आला की त्याला हॉलमध्ये बसवायचे नाहीत, तिथे बसवायचे. चहाचा कप ठेवायचा बाजूच्या वाडग्याच्या कडेवर, जिथे एके काळी लोक चुळा भरायचे. आणि खुर्चीच्या बरोब्बर समोर उभी असायची गाडी.

गाडी जर्मन, वयानं माझ्यापेक्षा बरीच मोठी, रंग आम्रखंडाचा. अमेरिकेत शिकत असताना घेतली, तेव्हाच ती सेकंडहँड होती, आणि इंग्लंडला येताना बोटीनं आणली. "माझ्या भांड्यांच्या पेट्या तिथेच राहिल्या हो," काकू सांगायच्या, "गाडी मात्र आली." अमेरिकेतली असल्यामुळे स्टिअरिंग डावीकडे. इथे रस्त्याच्या डाव्या बाजूनं जायचं, त्यामुळे डॉक्टर बसायचे फुटपाथला खेटून आणि उजवीकडे, जिथे ड्रायव्हर असायला पाहिजे, तिथे काकू. त्या मांडीवर पातेलं घेऊन मटार सोलत बसायच्या. शेजारच्या गाडीतले लोक गारच व्हायचे, बाई मटार सोलत गाडी चालवतेय! पण गंमत म्हणजे खरी गाडी त्याच चालवायच्या. पुढे बस आली की समोरचा रस्ता फक्त काकूंना दिसायचा. त्या म्हणायच्या "चला", की डॉक्टर निघाले. "थांबा" म्हणायच्या, की थांबले. एवढा विश्वास मी कुठल्या नवरा-बायकोत पाहिलेला नाही. कार पार्कच्या फाटकावर मशीनमधून तिकीट घ्यायला हातही काकूंचाच.

आणि त्या गाडीचे बंपर! पुढे एक, मागे एक, रबर लावलेल्या जाडजूड तुळया, गाडीपासून वीतभर बाहेर आलेल्या. अमेरिकेत तेव्हा कायदाच होता म्हणे, की गाडी हळू वेगात कशावर आपटली तर दिव्याला तडासुद्धा जाता कामा नये. म्हणून जर्मनांनी आपल्या देखण्या गाडीच्या तोंडापुढे हे प्रकरण बांधलं आणि अमेरिकेला पाठवून दिलं. तीच गाडी युरोपात विकताना तिला पातळ, चकचकीत क्रोमचा बंपर, अंगाशी अगदी बोटभर अंतर ठेवून. काकू आपल्या बंपरला "ओटा" म्हणायच्या. शॉपिंगच्या पिशव्या ओट्यावर ठेवायच्या. इंग्लंडात उन्हाळा म्हणून जे चार दिवस येतात, त्यात सांडगे ओट्यावर वाळत घालायच्या. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

बिघडलं ते स्टॅनमोरला. तिथल्या मैदानात एका रविवारी जुन्या गाड्यांचा मेळा होता. आम्ही तिघं गेलो होतो. एक गोरे आजोबा आले, गाडीभोवती दोन चकरा मारल्या, आतला लाकडी पॅनल पाहिला, मान डोलावली आणि जाता जाता म्हणाले, "लव्हली कार. शेम अबाउट द पार्क बेंचेस."

बागेतले बाक! काकूंना असं हसू फुटलं, की हातातलं सँडविच खाली पडलं. मलाही आवरेना. डॉक्टर मात्र तोंडात मारल्यासारखे उभे. त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये गेले, खुर्चीवर गाडीकडे तोंड करून बसले, आणि संध्याकाळपर्यंत तिथेच.

संध्याकाळी जेवताना निकाल जाहीर झाला.

"ओव्हरबाइट आहे," डॉक्टर म्हणाले. "पस्तीस वर्षं माझ्या लक्षात कसं नाही आलं? पुढे आलेले दात. माणसाला असोत नाहीतर गाडीला, बघणाऱ्याला आधी तेच दिसतात. बाकी तोंड किती का देखणं असेना, फुकट जातं. काढायचे. दोन्ही काढायचे आणि युरोपियन बसवायचे."

काकूंचा डाव आमटीच्या पातेल्यात तसाच थांबला. मी टेबलाखालून डॉक्टरांना पाय मारला. ते म्हणाले, "पाय का मारतेस?"

काकूंनी आमटी वाढली, ताट सरकवलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "त्या गाडीचं तोंड बदलणार असाल, तर आजपासून मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही."

"का?"

"माझे सांडगे," काकू म्हणाल्या, आणि उठून गेल्या.

सांडगे कसले डोंबलाचे! दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी भाजी निवडत होतो, तेव्हा त्यांनी मला सगळं सांगितलं. नागपूरला बघायचा कार्यक्रम झाला तेव्हा डॉक्टरांची आत्या आतल्या खोलीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली होती, "दात तेवढे पुढे आहेत, पण मुलगा डेंटिस्टच आहे, घरच्या घरी होतील नीट." लग्न झालं. काकूंनी दोनदा विचारलं, माझे दात नीट करता का म्हणून. दोन्ही वेळा "बघू". मग त्यांनी विचारणं सोडलं. मनाची समजूत घालून घेतली, की यांना दिसतच नसतील. दिवसभर लोकांची तोंडं बघून माणूस घरी येतो, घरातलं तोंड कुठे बघणार?

"आणि आता कळलं," काकू म्हणाल्या, "की दिसत होते. चाळीस वर्षं यांना आधी तेच दिसत होते. बाकी तोंड फुकट गेलं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, उलट गवार अशी काडकाड मोडत होत्या की मलाच भीती वाटली. मला डॉक्टरांचा असा राग आला! म्हटलं, मी जाऊन सांगते. तर मनगट धरलं माझं. "शपथ आहे तुला. त्यांचं त्यांना कळू दे. नाही कळलं तर नाही. पण मी आता त्या माणसाशेजारी बसून चला-थांबा करणार नाही."

म्हणजे प्रकरण बंपरचं राहिलंच नव्हतं. मला ते कळत होतं, काकूंना कळत होतं, आणि ज्याला कळायला पाहिजे तो माणूस गॅरेजमध्ये गाडीला सांगत होता, "मोठा आ कर."

शपथ न मोडता जेवढं करता येईल तेवढं मी केलं. म्हटलं, "काका, तुम्ही काकूंसमोर दातांचं बोलू नका ना." तर म्हणाले, "का? डेंटिस्टची बायको आहे ती, सवय आहे तिला." समजावून समजावून माझ्या दाताच्या कण्या झाल्या, आणि हे मी बोलून दाखवलं तर म्हणाले, "बघू, आ कर."

काकूंच्या संपाचे परिणाम लगेच दिसायला लागले. पहिल्याच शनिवारी डॉक्टर एकटे सुपरमार्केटला गेले. कार पार्कच्या फाटकाशी तिकिटाचं मशीन उजवीकडे, आणि हे डावीकडे. उतरले, गाडीला वळसा घालून पळत गेले, तिकीट घेतलं, फाटक उघडलं, पळत परत आले, दार लावेपर्यंत फाटक बंद. पुन्हा उतरले. असं तीनदा. मागे गाड्यांची रांग, पण हॉर्न एकानंही वाजवला नाही. शेवटी एक बाई उतरून आली आणि म्हणाली, "तुम्ही बसा, मी घेते तिकीट." डॉक्टर घरी येऊन म्हणाले, "सुंदर कवळी होती बाईंची."

मग उजव्या सीटवर माझी नेमणूक झाली. मी भित्री. समोरून सायकल जरी दिसली तरी "थांबा, थांबा" ओरडायचे. एकदा पिनरपासून हॅरोपर्यंत आम्ही एकाच बसच्या मागे गेलो, तिच्या प्रत्येक स्टॉपला थांबत. ड्रायव्हरनं शेवटी आरशातून हात केला. डॉक्टर स्टिअरिंगवर कपाळ टेकून म्हणाले, "ही का रुसलीये गं? सांडग्यांसाठी नवीन टेबल आणून दिलं मी. मला वाटतं तोंड नीट झालेलं पाहिलं की विरघळेल. पुढच्या मेळ्याला हिला शेजारी बसवूनच जाणार. हिच्याशिवाय गाडी मैदानात न्यायचीच नाही मला." मी मूग गिळून बसले. शपथ वाईट असते.

पण खोटं कशाला बोलू, त्या आठवड्यांइतकी मजा मला त्या देशात कधी आली नाही.

बंपर काढायचा दिवस ठरला. डॉक्टरांनी पांढरा कोट घातला. गाडीखाली जाऊन नट पाहिले, तर गंजून एकजीव झालेले. दुसरा कुणी असता तर हातोडा घेतला असता. डॉक्टरांनी दातांची सिरिंज काढली, तिच्यात गंज सोडवायचं तेल भरलं, आणि एकेका नटाच्या मुळाशी दोन-दोन थेंब सोडले. मग घड्याळ लावून बसले. "बधिर व्हायला वेळ द्यायचा. घाई केली की मूळ आत तुटतं." दहा मिनिटांनी पान्याच्या टोकानं नटावर टकटक केलं आणि गाडीला विचारलं, "लागतंय?"

आमचे शेजारी म्हणजे एक रिटायर्ड इंग्रज शाळामास्तर. त्या महिन्यात त्यांची हेज, म्हणजे झुडपांचं कुंपण, सतत वाढत होती, कारण ते रोज कात्री घेऊन तिच्यापलीकडे उभे असायचे. त्यांनी विचारलं, "इज शी इन पेन?" डॉक्टर म्हणाले, "नॉट ॲट ऑल. शी इज व्हेरी ब्रेव्ह." 

मग ओढाओढी. एका टोकाला डॉक्टर, एका टोकाला मी. बंपरमागचे धक्के झेलणारे दट्ट्ये कुरकुरले, काहीतरी "पक्" वाजलं, आणि बंपर, डॉक्टर आणि मी असे तिघंही घरापुढच्या ड्राइव्हवर आडवे. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर उठले, माझी विचारपूस वगैरे काही नाही, गाडीला जिथे भोकं पडली होती तिथे कापसाचे बोळे दाबले आणि म्हणाले, "अर्धा तास गरम काही द्यायचं नाही." मी वर पाहिलं तर स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा हलला. काकू बघत होत्या, पण बाहेर आल्या नाहीत.

तीन आठवडे गाडी बोळकं घेऊन उभी होती. मागचा बंपर जर्मनीहून कुरिअरनं आला. पुढचा मिळाला बर्मिंगहॅमला, जुन्या गाड्यांचे भाग विकणाऱ्या एका सरदारजींकडे. फोनवर ते म्हणाले, तुमच्या गाडीचा फोटो पाठवा, म्हणजे बसेल की नाही ते सांगतो. फोटो! डॉक्टरांनी फोटोवर कधी दात बसवला होता? त्यांनी साचे घ्यायचा तो गुलाबी लगदा कालवला, बंपर जिथे टेकतो त्या दोन्ही जागांचे ठसे घेतले, त्यात प्लॅस्टर ओतलं आणि ते साचे पोळ्यांच्या डब्यात घालून आम्ही ट्रेननं बर्मिंगहॅमला गेलो. गाडीनं का नाही? "तोंडात दात नसताना पेशंटला बाहेर काढत नाहीत."

सरदारजींनी डबा उघडला. बराच वेळ आत पाहत राहिले. मग हात जोडून म्हणाले, "डॉक्टरसाब, तीस साल से लोग फोटो लाते हैं. मुँह लेके आप पहले आए." बंपर आणला, साच्याला लावला, तो असा बसला की दोघांनी एकमेकांना मिठी मारली.

परतीच्या ट्रेनमध्ये आम्ही दोघं आणि मधे माझ्या रजईच्या फुलाफुलांच्या खोळीत गुंडाळलेला माणसाएवढा बंपर. टोकाचे दोन तुकडे माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत, लॅपटॉप माझ्या पोटाशी. गार्ड आला. "सर्फबोर्ड, सर?" डॉक्टर म्हणाले, "डेन्चर." गार्डनं त्या पांघरुणाकडे एकदा नीट पाहिलं, "बिग फेला," म्हणाला आणि पुढे गेला. समोरच्या आजीबाईंनी मात्र कान टवकारले. म्हणाल्या, तुम्ही कवळ्या करता का, माझी नवी कवळी फार टोचते हो. झालं. पुढची वीस मिनिटं डॉक्टर कपाळावर दिवा बांधून आजीबाईंच्या तोंडात, आजीबाईंची पर्स माझ्या हातात, आणि बंपर मांडीवर घेऊन बसलेला एक अनोळखी सूटवाला. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं होतं, आणि त्याच वेळी हसून हसून पोट दुखत होतं.

हॅरोला गाडी बदलताना डॉक्टर एकदम म्हणाले, "ही असती तर हिनं पोळीचा लाडू दिला असता बरोबर." आणि मग पिनरपर्यंत तो पोळ्यांचा डबा मांडीवर धरून बसले. त्या क्षणी मला ते आवडले, राग होता तरी.

नवे बंपर बसले, एकेक नट हातानं, आरशात बघून, कण कण फिरवत. आणि खरं सांगते, मला गाडीतलं काही कळत नाही, पण ती गाडी पुढून पाहिली आणि मी "अय्या!" म्हणाले. काय रूप आलं होतं! पातळ क्रोमची रेघ, गालाशी लागून वळलेली. डॉक्टर चार पावलं मागे गेले, डोळे बारीक केले, आणि गाडीला म्हणाले, "हास."

मेळ्याचा रविवार उजाडला. डॉक्टरांनी टाय लावला. काकू स्वयंपाकघरात, बाहेर यायचं नाव नाही. पण नवं काही अंगावर घातलेल्या गाडीला तसंच कसं बाहेर न्यायचं? ते काकूंच्या मनालाही पटेना. हॉलमधल्या टेबलावर त्यांनी गुपचूप हळदकुंकवाचं ताट, फुलं आणि नारळ ठेवला होता. "देवाचं तेवढं केलंय, माझं काही नाही," असं मला बजावून त्या आत गेल्या.

मी गाडीला कुंकू लावलं. फूल वाहिलं. शेजारी हेजपलीकडून हात जोडून उभे. डॉक्टरांनी नारळ घेतला. आता मला सांगायला हवं, की दर दसऱ्याला या घरात गाडीचा नारळ फुटायचा तो ओट्यावर. पस्तीस दसरे, पस्तीस नारळ, ओट्यावर ओरखडा नाही. हाताला सवय झालेली. डॉक्टरांनी "गणपती बाप्पा" म्हटलं, मी "मोरया" म्हटलं, आणि त्यांनी नारळ गर्रकन वर नेऊन हाणला की थेट त्या कोऱ्या, पातळ, बर्मिंगहॅमहून पांघरुणात आणलेल्या क्रोमवर!

नारळ फुटला. अगदी मधोमध, दोन सुंदर वाट्या. आणि बंपरला तिसऱ्या वाटीएवढा पोचा.

नारळाचं पाणी नंबर प्लेटवरून थेंब थेंब गळत होतं. शेजारी म्हणाले, "ओ डिअर." डॉक्टर टायसकट ड्राइव्हवर खाली बसले, दोन हातांत दोन वाट्या.

एवढी शांतता कशी, म्हणून काकू बाहेर आल्या. त्यांनी पोचा पाहिला. नवऱ्याकडे पाहिलं. आणि त्या हसायला लागल्या. किती आठवड्यांनी हसत होत्या! गाडीला धरून, वाकून, पोट धरून हसल्या. आणि हसता हसताच त्यांचा आवाज कातर झाला.

"आता हा पोचा काढणार?"

"काढावाच लागेल," डॉक्टर खालूनच म्हणाले.

"हो ना. तुम्हाला तोंडात काही वाकडं खपत नाही. मग माझं कसं हो खपलं चाळीस वर्षं? गाडीच्या दातांसाठी बर्मिंगहॅमपर्यंत जाता, आणि माझ्यासाठी ती खुर्ची गॅरेजमध्ये रिकामी आहे. दोनदा विचारलं होतं मी तुम्हाला. दोनदा!"

डॉक्टरांनी मान वर केली. त्या चेहऱ्यावर असं निखळ आश्चर्य होतं, की मला तेव्हाच कळलं, या माणसाच्या हे मनातसुद्धा कधी आलं नव्हतं.

"तुझ्या दातांना काय झालंय?"

"पुढे आहेत!"

"माहितीये. साडेचार मिलिमीटर. तुला बघायला आलो तेव्हाच मोजले होते मी, पोहे खाता खाता."

"मग?"

"मग काय?" डॉक्टर उठून उभे राहिले, हातातल्या वाट्यांसकट. "अगं, या गाडीचं तोंड असं नव्हतंच मुळी. ज्यानं ती कागदावर काढली, त्यानं हे असं बारीकच काढलं होतं. तो ओटा नंतर बांधला, कायद्यासाठी. तो मी काढला. तुझे कुणी नंतर बांधलेत का? तू आहेसच अशी. लांबून नुसतं हसलीस तरी मला कळतं की तू आहेस. ते मी घासून आत ढकलू? तू ओरिजिनल आहेस. ओरिजिनलला मी हात लावत नाही."

शेजाऱ्यांनी हळूच मला विचारलं, "व्हॉट डिड ही से?" मी म्हटलं, "ही सेज शी इज ओरिजिनल." त्यांनी गंभीरपणे मान हलवली. "क्वाइट राइट. दे आर वर्थ मोअर दॅट वे."

"हे आधी सांगता येत नव्हतं?" काकू म्हणाल्या.

"तू विचारलंस नीट करा म्हणून. का करत नाही, हे कुठे विचारलंस?"

"काय माणूस आहे!" असं म्हणून काकू तरातरा आत गेल्या. मला वाटलं, संपलं सगळं. दोन मिनिटांनी बाहेर आल्या त्या कोट घालून, खांद्याला पर्स. डॉक्टरांच्या हातातल्या खोबऱ्याच्या वाट्या काढून माझ्या हातात दिल्या, गाडीला वळसा घातला, उजवं दार उघडून आपल्या जागेवर बसल्या आणि काच खाली केली.

"अगं, कुकर लावलाय. तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर."

पोचा पडलेली ती आम्रखंडी गाडी ड्राइव्हवरून बाहेर पडली, कोपऱ्यावर वळली, दिसेनाशी झाली. मी दोन हातांत खोबरं घेऊन तिथेच उभी, रडतेय का हसतेय माझं मलाच कळेना, शेजारी हेजवरून रुमाल पुढे करतायत, आणि आत कुकरची सहावी का सातवी शिट्टी झाली.